कात टाकल्यानंतर खेकड्याचे कवच कठीण कसे होते?

ओढ्याकाठच्या, भातखाचरांच्या किंवा खाडीलगतच्या गावांतील मुलांना खेकड्याविषयी शिक्षकांनी काही नवे सांगावे, अशी स्थिती क्वचितच असते. भरलेले बीळ कोणते व रिकामे कोणते, खेकडा कोठे धरला असता नांगी लागत नाही, पोटाखालची झडप अरुंद असेल तर नर आणि रुंद असेल तर मादी, हे सर्व ती मुले शाळेत येण्यापूर्वीच शिकलेली असतात. कोठे त्याला चिंबोरी म्हणतात, कोठे कुर्ली, तर कोठे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना मुठे असे नाव आहे. वर्गात मात्र "खेकडा हा संधिपाद प्राणी आहे. त्याच्या अंगावर कठीण कवच असते. तो वेळोवेळी कात टाकतो," अशी तीन वाक्ये फळ्यावर उमटतात आणि पाठ झिंग्याकडे वळतो. वस्तुतः या तिसऱ्या वाक्यात प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोहोंचा मोठा भाग दडलेला आहे, व तो उलगडून दाखविण्यास फारशा साहित्याची गरज नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शाळेत मी पाठ पाहत बसलो असता सहावीतील एका मुलीने प्रश्न केला, "गुरुजी, कवच चुन्याचं असतं म्हणालात. जुनं कवच तर त्यानं टाकून दिलं. मग नव्या कवचाला चुना आला कुठून?" गुरुजींनी "त्याच्या शरीरातून" असे उत्तर दिले व मुलगी खाली बसली. उत्तर अगदीच निराधार नव्हते. पण प्रश्न जितका खोल होता तितके ते उत्तर खोल नव्हते. मुलीने जो विचारला तो खरोखर हिशेबाचा प्रश्न होता. जमेची बाजू संपून गेली असताना खर्च कशातून झाला, हे तिला हवे होते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिला आहे.

आरंभी 'कात' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. हा शब्द आपण सापावरून घेतला. साप टाकतो ती कातडीच्या वरच्या निर्जीव थराची पातळ खोळ असते. तिने सापाच्या अंगाला आधार दिलेला नसतो. तो आधार त्याच्या हाडांचा असतो. खेकड्याला आतून हाडे नाहीत. त्याचे कवच हाच त्याचा सांगाडा, हेच त्याचे चिलखत, आणि त्याचे स्नायूही याच कवचाला आतून चिकटलेले असतात. म्हणजे कात टाकताना खेकडा आपला सांगाडाच टाकून देतो. हे ऐकून मुलांच्या मनात साहजिकच असे चित्र उभे राहते की, उघडा पडलेला खेकडा मग हळूहळू नवे कवच वाढवीत असावा. हे चित्र बरोबर नाही, आणि पाठात सर्वप्रथम दुरुस्त करावयाचे ते हेच. नवे कवच जुन्या कवचाच्या आत, कात टाकण्यापूर्वीच तयार झालेले असते. मागाहून येतो तो त्याचा कठीणपणा.

कवच कशाचे बनलेले असते, ते पाहू. कवचाखाली सजीव पेशींची एक पातळ त्वचा असते, आणि कवच हे या त्वचेने बाहेरच्या बाजूस घडविलेले असते. त्यात कायटिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म तंतू असून ते प्रथिनांत गुंफलेले असतात. (कायटिनचा शोध १८११ मध्ये फ्रान्समध्ये आंरी ब्राकॉनो यांना प्रथम लागला, तो खेकड्यात नव्हे, तर अळंबीत, पावसाळ्यात आपण रानातून आणतो त्या अळंबीच्या पेशींच्या भित्तींतही हेच द्रव्य असते.) हे तंतू थरांथरांनी रचलेले असतात. प्रत्येक थरातील तंतू खालच्या थरातील तंतूंपेक्षा किंचित वळवून ठेवलेले असतात, त्यामुळे एका दिशेने पडलेली चीर सरळ आरपार जाऊ शकत नाही. ही वळणावळणाची रचना फ्रेंच शास्त्रज्ञ इव्ह बुलिगाँ यांनी १९७२ मध्ये सविस्तर मांडली, व आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु नुसत्या तंतूंनी कवच कठीण होत नाही. तंतूंच्या मधील जागेत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूत व शिंपल्यात असतो तोच पदार्थ, भरलेला असतो. त्याच्या जोडीला थोडे मॅग्नेशियम आणि थोडे फॉस्फेट असते. वाळलेल्या कवचाच्या वजनातला निम्म्याच्या आसपासचा किंवा त्याहूनही अधिक भाग या खनिजांचा असतो.

कोकणातील किंवा मावळातील मुलांना याहून सोपा दाखला कुडाच्या भिंतीचा आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड आधी उभा राहतो. तो लवचिक असतो, त्याला रेटा दिला तर तो वाकतो. मागाहून त्यावर मातीचे लिंपण होते, काठ्यांच्या फटी भरतात, लिंपण वाळते आणि भिंत घट्ट होते. खेकड्याच्या कवचात कायटिन व प्रथिने हा कूड आणि कॅल्शियम कार्बोनेट हे लिंपण. फरक एवढाच की येथे लिंपण बाहेरून चोपडलेले नसते, तर आतील त्वचेकडून काठ्याकाठ्यांच्या मधून पोहोचविलेले असते.

आता कात टाकण्याची पूर्वतयारी. खेकड्याच्या डोळ्यांच्या देठात एक ग्रंथी असते व तिचा स्राव कात टाकण्याच्या क्रियेला रोखून धरतो. डोळ्यांचे देठ काढून टाकल्यास खेकडा लवकर लवकर कात टाकू लागतो, असे चार्ल्स झेलेनी यांनी १९०५ मध्येच नोंदविले होते. हा रोध सैल झाला की दुसऱ्या ग्रंथीचा स्राव वाढतो, त्वचेतील पेशी जागृत होतात आणि जुन्या कवचापासून सुटू लागतात. जुन्या कवचाच्या आतील बाजूचा काही भाग विरघळवून शोषून घेतला जातो. ज्या रेषेवर कवच उकलावयाचे असते त्या रेषेवर ते विशेष पातळ केले जाते. त्याच वेळी जुन्या कवचाखाली नव्या कवचाचे बाहेरचे दोन थर रचले जातात. हे थर मऊ, सुरकुतलेले आणि चुनारहित असतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरातील कोळी हे सर्व सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखतात. तेथील निळ्या खेकड्याचा मागचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो. त्याच्या कडेशी जुन्या कवचातून नव्या कवचाची रेघ दिसू लागते. रेघ पांढरी असेल तर खेकडा सुमारे दोन आठवड्यांत कात टाकणार, गुलाबी असेल तर सुमारे आठवड्यात, लाल असेल तर एक ते तीन दिवसांत, असा त्यांचा ठोकताळा आहे, आणि त्यावर त्यांचा व्यापार चालतो. नवे कवच आधीच तयार असते, याचा याहून चांगला पुरावा वर्गात सांगण्यासारखा दुसरा नाही.

प्रत्यक्ष कात टाकताना खेकडा पाणी शोषून फुगतो. पाठीचे कवच मागल्या कडेशी उकलते आणि त्या फटीतून तो मागच्या मागे बाहेर येतो. पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ, शृंगिका, कल्ल्यांवरील पातळ आवरण, इतकेच नव्हे तर जठराच्या आतील अस्तर व त्यातील अन्न दळणारे दातसुद्धा जुन्या सांगाड्याबरोबर सुटून जातात. मोठ्या नांगीतील मांस लहानशा सांध्यातून बाहेर कसे निघते, असे मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर असे की कात टाकण्यापूर्वी नांगीतील स्नायू बराच आक्रसतो व मागाहून पुन्हा भरतो. ज्या खेकड्याची एक नांगी पूर्वी तुटून गेलेली असते, त्याला नवी लहान नांगी मिळते तीही कात टाकतानाच. दोन नांग्यांत विलक्षण फरक असलेला खेकडा मुलांनी पुष्कळदा पाहिलेला असतो. बऱ्याच वेळा त्याचे कारण हे असते.

बाहेर आलेला खेकडा पुन्हा पाणी घेऊन फुगतो, कारण वाढण्याची संधी याच थोड्या तासांत असते. सुरकुत्या ताणल्या जातात. निळ्या खेकड्याची रुंदी एका कात टाकण्यात सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढते. एकदा लिंपण झाले की पुढची कात येईपर्यंत आकारात वाढ नाही.

या वेळी खेकडा इतका मऊ असतो की बोटाने दाबले असता कवच दबते. असे असता तो चालतो कसा? स्नायूला ओढावयास काही कठीण वस्तू लागते, आणि येथे तर कठीण काहीच उरलेले नाही. जेनिफर टेलर व विल्यम कीर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये निळ्या खेकड्यावर प्रयोग करून याचे उत्तर दिले. मऊ अवस्थेत खेकडा शरीरातील द्रवाच्या दाबावर उभा राहतो. हवा भरलेली रबरी नळी ताठ राहते, तसे त्याचे पाय द्रवाच्या दाबाने ताठ राहतात. गांडूळ याच पद्धतीने चालते. कवच कठीण झाले की तो पुन्हा सांगाड्यावर येतो. तथापि हा आधार तात्पुरता आहे. मऊ खेकड्याच्या नांगीला पकड नसते, जबड्यांना चावता येत नाही, आणि माशांपासून बगळ्यापर्यंत सर्वांना तो सोपा घास असतो. म्हणून तो दगडाखाली, बिळात किंवा खाडीतील झाडांच्या मुळांत दडून राहतो. बिळात हात घालून असा मऊ खेकडा बाहेर काढू नये, हे मुलांना जरूर सांगावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. कवच कठीण होण्याच्या क्रिया दोन आहेत व त्या एकमेकींत मिसळून चालतात. पहिली क्रिया प्रथिनांची. कात टाकलेले पांढरे झुरळ काही तासांत तपकिरी व टणक होते, हे घराघरांतून पाहण्यास मिळते. तेथे चुना मुळीच नसतो. प्रथिनांचे रेणू एकमेकांशी बांधले जातात व कातडे कमावल्याप्रमाणे ते घट्ट होतात. खेकड्याच्या कवचाच्या बाहेरील थरांतही असे काही प्रमाणात घडते. परंतु खेकड्याचा भर दुसऱ्या क्रियेवर, म्हणजे खनिज भरण्यावर आहे.

येथे एक सूक्ष्म प्रश्न निर्माण होतो. नवे कवच कात टाकण्यापूर्वीच तयार होते, तर मग चुनाही तेव्हाच का भरत नाही? भरला असता तर खेकडा बाहेरच पडू शकला नसता, आणि पडला तरी वाढू शकला नसता. नव्या कवचात काही शर्करायुक्त प्रथिने अशी असतात की ती तेथे चुन्याचे कण जमू देत नाहीत. कात पडल्यावर काही तासांच्या आत या प्रथिनांत बदल घडून येतो, अडसर दूर होतो आणि बाहेरच्या थरापासून चुना जमू लागतो. निळ्या खेकड्यात हा आरंभ दोन-तीन तासांतच होतो. त्वचेतील पेशींपासून कवचात उभ्या अतिसूक्ष्म नलिका गेलेल्या असतात. कवचाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या लाखांत असते. या वाटेने कॅल्शियम वरपर्यंत पोहोचते. प्रथम जमणारा चुना स्फटिकाकार नसतो. पुढे त्याच्या बऱ्याच भागाचे कॅल्साइट नावाच्या स्फटिकांत रूपांतर होते. सुमारे अर्ध्या दिवसात कवच चामड्यासारखे होते, दोन-तीन दिवसांत चांगले कठीण होते. मात्र काम तेथे संपत नाही. बाहेरचे दोन थर भरून झाल्यावर त्वचा आतील बाजूस कवचाचा तिसरा, जाड थर घडवू लागते, आणि हा थर रचला जात असतानाच त्यात चुनाही भरला जातो. हे काम पुढे कित्येक दिवस चालू राहते. आधी नुसता कूड व मग लिंपण हा प्रकार बाहेरच्या थरांचा. आतल्या थरात कूड आणि लिंपण बरोबरीने चालते.

पायाच्या सांध्यांवरील पडदा मात्र अखेरपर्यंत मऊ राहतो. तोही त्याच त्वचेने घडविलेला, त्याच खेकड्याचा, त्याच पाण्यात भिजलेला. परंतु त्यातील प्रथिनांची घडण निराळी असल्यामुळे तेथे चुना बसत नाही. बसला असता तर खेकडा आपल्याच चिलखतात जखडून पडला असता. चुना कोठे बसावा यापेक्षाही कोठे बसू नये हे ठरविण्यात अधिक कौशल्य आहे, असे मला नेहमी वाटते.

आता त्या मुलीचा प्रश्न. चुना आला कुठून?

समुद्रातील व खाडीतील खेकड्यांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे: पाण्यातून. जुन्या कवचातून शोषून घेतलेले कॅल्शियम अल्पच असते. उरलेले सारे टाकलेल्या कवचाबरोबर जाते. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम विरघळलेले असते. कात टाकल्यानंतर खेकडा ते मुख्यतः कल्ल्यांवाटे शोषून रक्तात घेतो आणि रक्तातून ते कवचाकडे जाते. कार्बोनेटचा भाग पाण्यातील बायकार्बोनेटमधून व काही अंशी खेकड्याच्या स्वतःच्या श्वसनातून निर्माण होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळतो. या रासायनिक क्रियेत आम्ल उत्पन्न होते, आणि आम्ल साठू दिले तर जमलेला चुना पुन्हा विरघळेल. म्हणून तेही कल्ल्यांवाटे बाहेर टाकावे लागते. कात टाकलेला खेकडा एका जागी स्वस्थ बसलेला दिसला तरी त्याचे कल्ले अहोरात्र राबत असतात.

याचा पुरावा पुन्हा व्यापारातच सापडतो. चेसापीकच्या किनाऱ्यावर, तसेच थायलंड, म्यानमार व व्हिएतनाममध्ये मऊ खेकडे मोठ्या प्रमाणावर विकले जातात. तेथे कामगार दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक खेकड्याकडे जाऊन पाहतात आणि कात पडलेली दिसताच त्याला खाऱ्या पाण्यातून उचलतात. पाण्याबाहेर काढला की त्याचे कठीण होणे थांबते. कवचातला चुना जर शरीरात आधीच साठवलेला असता, तर पाण्यातून काढल्याने काय बिघडले असते? हा प्रश्न मुलांनाच विचारावा. सातवीची मुले त्याचे उत्तर स्वतः काढू शकतात.

ओढ्यातल्या व बिळातल्या खेकड्यांची अडचण निराळी आहे. गोड्या पाण्यात कॅल्शियम समुद्राच्या मानाने फारच थोडे. जांभ्या जमिनीतून तर अतिवृष्टीने चुना धुऊन गेलेला असतो. तेथील मातीस आपले शेतकरी चुना घालतात तो उगाच नव्हे. अशा ठिकाणी राहणाऱ्या प्राण्याला जुने भांडवल वाया घालवून चालत नाही, आणि म्हणून निरनिराळ्या जातींनी काटकसरीचे निरनिराळे मार्ग काढले आहेत. युरोपातील नद्यांमध्ये क्रेफिश नावाचा झिंग्यासारखा दिसणारा प्राणी आहे. तो कात टाकण्यापूर्वी जुन्या कवचातील चुना जठरात दोन पांढऱ्या बटणांसारख्या खड्यांच्या रूपाने साठवतो, व नंतर ते खडे विरघळवून वापरतो. पूर्वी तिकडचे वैद्य हे खडे 'खेकड्याचे डोळे' म्हणून औषधात देत. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातील गोड्या पाण्याचा एक खेकडा, जो आपल्याकडील अनेक ओढ्यांतल्या खेकड्यांच्याच कुळात मोडतो, हा चुना सूक्ष्म कणांच्या रूपाने रक्तातच साठवतो. त्या काळात त्याचे रक्त दुधासारखे पांढुरके दिसते. आणि कित्येक जमिनीवरचे खेकडे सरळ आपली टाकलेली कात खाऊन टाकतात. अंदमान-निकोबार बेटांत आढळणारा नारळी खेकडा कात टाकण्यासाठी जमिनीत कित्येक आठवडे दडून राहतो व तेथेच आपले जुने कवच खातो. तेव्हा गुरुजींचे "शरीरातून" हे उत्तर अशा प्राण्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे ठरते, खाडीतल्या चिंबोरीच्या बाबतीत नाही.

वर्गात करावयाच्या प्रयोगांविषयी आता लिहितो. प्रयोगासाठी जिवंत खेकडा मारू नये, तशी गरजही नाही. ओढ्याकाठी व खाडीच्या कडेला टाकलेली कात मिळते. मेलेला खेकडा आणि टाकलेली कात यांत फरक असा की कात हलकी असते, तिला कुजका वास फारसा नसतो, पाठीचे झाकण मागल्या बाजूने उघडते आणि आत मांस नसते. कात न मिळाल्यास कोणाच्या घरी स्वयंपाकात उरलेले कवच चालेल. ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. ज्या शाळेत काही घरांतून यास हरकत असेल, तेथे शेतातील मेलेल्या गोगलगाईचा शंख किंवा शिंपला घ्यावा. शंखशिंपल्यांत तंतूंचा भाग अगदी थोडा असल्यामुळे ते हळूहळू झिजत जातात आणि मागे फारसे काही उरत नाही. तोही फरक शिकविण्यासारखाच आहे.

कवचाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्यावेत. एक साध्या पाण्यात व एक शिरक्यात ठेवावा. लिंबाच्या रसानेही काम होते, परंतु त्यात पांढरा गाळ बसतो व मुलांचा घोटाळा होतो; शिरका बरा. थोड्याच वेळात शिरक्यातील तुकड्यावर बुडबुडे दिसू लागतील. दुसऱ्या दिवशी शिरका बदलावा. तिसऱ्या दिवशी तुकडा बाहेर काढून मुलांच्या हाती द्यावा. आकार तोच, पण तो आता ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकतो. लिंपण गेले, कूड राहिला. कात टाकलेल्या क्षणी खेकड्याचे कवच साधारण याच स्थितीत असते.

यानंतर उलट दिशेचा प्रयोग. विड्याच्या पानाला लावतात तो चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्यावी. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, डोळ्यांत उडू देऊ नये. निवळीत नळी बुडवून एका मोठ्या मुलाला हळूहळू फुंकावयास सांगावे. ओढून घ्यावयाचे नाही, ही ताकीद आधी द्यावी. निवळी दुधासारखी होते. "उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो" एवढेच सांगून बहुतेक पाठ येथे थांबतात. थांबू नये. हे पांढरे काय आहे, असे विचारावे. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे: खेकड्याच्या कवचातील तोच पदार्थ, मुलांच्या डोळ्यांदेखत, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून व श्वासातून तयार झालेला. निवळीत घडते ती क्रिया आणि कवचात घडते ती क्रिया यांचे तपशील एक नाहीत. पण दोन्ही ठिकाणी डोळ्यांस न दिसणारे, विरघळलेले कॅल्शियम घनरूप घेते, हे समान आहे. याउपर फुंकत राहिल्यास दुधी रंग पुन्हा नाहीसा होतो. आम्लता वाढली की जमलेला चुना विरघळतो, आणि खेकड्याला आम्ल बाहेर का टाकावे लागते, ते येथे शब्दांवाचून कळते.

किनाऱ्यावरील शाळांसाठी आणखी एक काम सुचवितो. अमावास्येची चिंबोरी भरलेली व पौर्णिमेची पोकळ, असे तिकडे सर्वत्र मानतात. शिक्षकांनी या समजुतीची थट्टा करू नये, की ती डोळे मिटून मान्यही करू नये. पोकळ चिंबोरी म्हणजे अलीकडेच कात टाकलेली चिंबोरी. तिने फुगण्यासाठी घेतलेले पाणी अद्याप आत असते, मोठ्या झालेल्या घरात मांस अजून वाढावयाचे असते. म्हणून ती शिजविल्यावर पाणीच फार निघते व बाजारात तिला भाव येत नाही. अशा पोकळ चिंबोऱ्या तीन-चार आठवडे कोंडून, खाऊ घालून भरविण्याचा धंदा किनाऱ्यावर चालतो. घरचा धंदा आणि शाळेतला पाठ यांचा सांधा येथे आपोआप जुळतो. तेव्हा ज्यांच्या घरी चिंबोऱ्या पकडतात किंवा विकतात, अशा मुलांनी दोन महिने एक नोंदवही ठेवावी. तिथी, नर की मादी, कवच दाबून पाहता कठीण की लवणारे, आणि शिजविल्यावर भरलेली की पोकळ, असे रकाने आखावेत. नांग्या बांधल्याशिवाय कवच दाबून पाहू नये. शेवटचा एक रकाना पाठीच्या रंगरूपासाठी ठेवावा. पाठ उजळ, स्वच्छ असेल तर कात अलीकडची. पाठ मळकट असून तिच्यावर शेवाळ किंवा खडकांवर आढळतात तसले पांढरे, खरखरीत, पुळीसारखे जीव चिकटलेले असतील, तर त्या चिंबोरीने कात टाकून पुष्कळ दिवस झाले आहेत.